दोन प्रश्नांना एकच ‘हो’

तुझी बहीण काय करते, असं कुणी विचारलं की मी सांगतो, ती शिक्षा मोजते. समोरचा म्हणतो, म्हणजे? म्हणजे जज साहेब शिक्षा देतात ना, ती कुणाला किती दिली, कुणी गुन्हा कबूल केला म्हणून कमी झाली, कुणी भांडत बसला म्हणून वाढली, आणि नंतर वरच्या कोर्टात कोण गेलं, कोण नाही गेलं, हे सगळं ती बघते. जजवर लक्ष ठेवणारं माणूस किती जणांच्या घरात असतं? माझ्या घरात आहे. आणि तिला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलेलं आहे.

मी स्वतः आठवीपर्यंत. मग शटरच्या धंद्यात शिरलो. दुकानांची लोखंडी शटरं बसवायची, अडकली की सोडवायची, किल्ली हरवली की उघडून द्यायची. या धंद्याला आठवीच्या पुढचं शिक्षण लागत नाही, संशय लागतो. माणूस येतो, म्हणतो, किल्ली हरवली, माझ्या दुकानाचं शटर उघडून द्या. दुकान तुझंच कशावरून? मी आधी शेजारच्या दुकानदाराकडे बघतो. त्यानं याला ओळख दाखवली नाही तर माझा पान्हा पिशवीतून बाहेर येत नाही. आणि एका शटरला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कुलपं दिसली, की सरळ गाडीला किक. एक कुलूप एकाचं, दुसरं दुसऱ्याचं, म्हणजे आत भांडण आहे. इतकी वर्षं झाली, माझ्या कामाकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही. ही बढाई नाही, माहिती म्हणून सांगतो.

तर बारकी. मी थोरला, ती शेंडेफळ, म्हणून बारकी. आता कोर्टाच्या आवारात तिला सगळे मॅडम म्हणतात, घरी ती बारकीच.

तिला हे खूळ कुठून लागलं ते मला पक्कं माहितीये. आईच्या धपाट्यांतून. आमच्या आईचा न्याय सरळ होता. काही फुटलं, सांडलं, की आई दोघांना उभं करायची. “कुणी केलं?” जो ‘मी’ म्हणेल त्याला एक धपाटा. जो नाही म्हणेल आणि नंतर सापडेल त्याला तीन. मी व्यवहारी माणूस. केलेलं असो नसो, ‘मी केलं’ म्हणायचो, एक खायचो आणि बाहेर खेळायला मोकळा. बारकी मात्र हट्टी. ‘मी नाही केलं’ म्हणून तीन खायची आणि रडता रडता आईला विचारायची, “दादानं काच फोडलीच नव्हती, मग त्याला एक तरी का?”

आई म्हणायची, “हिला वकील करा.”

केली की वकील. मी केली. तिनं वकिलीचं सगळं शिक्षण घेतलं आणि मग म्हणाली, मला वकिली करायची नाही, मला संशोधन करायचंय. मला वाटलं झालं, पोरगी वाया गेली. मग कळलं की विद्यापीठातल्या एक मोठ्या मॅडम आहेत, त्यांचा अभ्यास चाललाय, आणि त्यासाठी रोज कोर्टात बसायला माणूस हवंय. बारकीला घेतलं. पन्नासातून एकटीला.

“तू तिथं बसून करतेस काय?” मी विचारलं.

“ऐकते.”

“ऐकायचा पगार देतात?”

“तू कुलपात तार घालून काय करतोस दादा? ऐकतोसच ना?”

ही असली उत्तरं. माझ्यावरच गेलीये.

तिनं मला समजावलं ते असं. एखाद्यावर खटला आहे. सरकारी वकील त्याला म्हणतो, कबूल कर, थोडक्यात सोडवतो. भांडलास आणि हरलास तर मग बघ. कायद्यात बसणारी घासाघीस. मी म्हटलं, ही तर आईची पद्धत झाली. ती म्हणाली, हो, पण आईनं कधी बघितलं का, की धपाट्याला घाबरून किती वेळा खोटं कबूल केलंस? तेच आम्ही बघतोय. कबूल करणाऱ्याला किती सूट मिळते, भांडणाऱ्याला किती जादा पडते, आणि शिक्षेतला हा फरक एवढा मोठा आहे का की निर्दोष माणूससुद्धा ‘मी केलं’ म्हणून मोकळा होईल?

नियम कडक होते. मागच्या बाकावर बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणाचं नाव लिहायचं नाही. आणि ओळखीच्या माणसाचा खटला निघाला तर उठून बाहेर जायचं. या अटींवर कोर्टानं परवानगी दिलेली. मला सुरुवातीपासून ते काही पटत नव्हतं. स्वतःचा हिशोब तपासायला कोण कुणाला बसू देतं? मी माझ्या गल्ल्याजवळ मेहुण्याला बसू देत नाही.

मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. पोरांचा मामा, म्हणून सगळं घर त्याला मामाच म्हणतं. बारकीसुद्धा. तो माझ्याच हाताखाली तयार झाला. हात चांगला, डोकं साधं. कुणी ‘दादा, भाऊ’ केलं की विरघळला. मी त्याला शंभरदा सांगितलं, अरे, लोक मामा बनवतात म्हणतात ना, तुला बनवायचीसुद्धा गरज नाही, तू तयारच आहेस.

काही महिने गेले आणि बारकी एक दिवस जेवताना म्हणाली, “जिन्याजवळच्या कोर्टात काहीतरी गडबड आहे.”

कोर्टाच्या इमारतीत खाली जिन्याला लागून एक छोटं कोर्ट आहे. किरकोळ खटले तिथं चालतात. बाकीच्या कोर्टांत दहातले चार-पाच जण कबूल करतात, इथं नऊ जण. आणि इथून वरच्या कोर्टात जवळजवळ कुणीच जात नाही.

“का जात नाही?”

“कबूल केलं की अपील बंद. शिक्षा जास्त झाली एवढं म्हणता येतं. ‘मी केलंच नाही’ असं नाही म्हणता येत. आपणच कबूल केलेलं ना.”

“मग तिथं कुणीतरी खातंय,” मी म्हटलं.

“मॅडमना वाटतंय सरकारी वकील धमकावतात.”

मॅडमना काय वाटायचं ते वाटू दे. मी दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवलं आणि स्वतः जाऊन बघितलं. दारात उभा राहिलो, आत गेलो नाही. एका तासात मला चोर सापडला. दाराशी पट्टेवाला उभा होता, जाड मिशांचा, पोट पट्ट्याबाहेर. आरोपीचं नाव पुकारलं की तो आरोपी आत जायच्या आधी हा त्याच्या कानाशी लागायचा. काहीतरी पुटपुटायचा. आरोपी मान हलवायचा आणि आत जायचा. प्रत्येक वेळी.

संध्याकाळी बारकीला सांगितलं, “पट्टेवाला. त्याचं आतल्या वकिलाशी साटंलोटं आहे.”

“कशावरून?”

“मिशा बघ त्याच्या.”

“दादा, माझ्या तक्त्यात मिशांना रकाना नाही.”

सगळे हसले. मामा तर ठसका लागेपर्यंत हसला. ते हसणं मला नंतर फार वेळा आठवलं, कारण तेव्हा तो त्याच कोर्टातून जाऊन आलेला होता आणि आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे मला माहीत नव्हतं.

झालं असं. कुलपं उघडायचं काम करायला पोलिसांचा दाखला लागतो, तो दर काही वर्षांनी नवा करावा लागतो. माझा झाला. मामा आपला आणायला गेला तो तोंड पाडून परत आला. दुकानाच्या पायरीवर बसला. हेल्मेट डोक्यावर तसंच.

“दाखला नाही म्हणाले.”

“का?”

“म्हणे, तू गुन्हा कबूल केलायस. शिक्षा झालेल्या माणसाला कुलपाचा दाखला देत नाहीत.”

“कुठला गुन्हा?”

मग बाहेर आलं. मागे एकदा मी दुसऱ्या गावी कामाला गेलो होतो. एका माणसानं मामाला बोलावलं, किल्ली हरवली म्हणून. मामानं शटर उघडून दिलं. तो निघाला दुकानाच्या मालकाचा जुना भागीदार, भांडून वेगळा झालेला. त्यानं आतला माल रातोरात उचलला. पोलिसांनी त्याला पकडलं आणि याला पण. याला दोन दिवसांत सोडलं, तारीख दिली. तारखेला हा एकटा गेला. मला सांगितलं नाही, कारण मी ओरडलो असतो. ओरडलोच असतो.

“आणि तारखेला काय झालं?”

“काही नाही. साहेबांनी विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी दंड सांगितला, मी भरला. मला वाटलं मिटलं.”

“कबूल केलंस?”

“नाही हो दाजी! कबूल कशाला करू? मला फसवलं त्यानं.”

आता तुम्ही माझ्या जागी असाल तर काय कराल? कागद सांगतोय कबूल केलं. हा सांगतोय केलं नाही. मी पंधरा वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघून शटर उघडतोय, पण मामाच्या तोंडाकडे बघून मला काही कळेना. कारण एक गोष्ट त्यानं उशिरा सांगितली. कोर्टाच्या बाहेर त्याला फुकटचा मिळालेला वकील भेटला होता आणि म्हणाला होता, कबूल कर, दंडावर सुटशील, भांडलास तर वर्षभर खेटे. मामा म्हणाला, “मी ‘बघतो’ म्हटलं.”

“म्हणजे केलीस की तडजोड!”

“‘बघतो’ म्हणजे ‘बघतो’, दाजी.”

रात्री जेवताना घरात दोन पक्ष पडले. बायको ताट सरकवून म्हणाली, “माझ्या भावाला तुम्ही खोटारडा म्हणताय?”

“मी म्हणत नाही. कोर्ट म्हणतंय.”

“कोर्टाला काय माहीत तो कसा आहे?”

“मग मला काय माहीत कोर्टात तो काय बोलला? मी होतो का तिथं?”

मामा बिचारा भिंतीला टेकून सांगत होता, “देवाशपथ सांगतो, मी नुसता हात बांधून उभा होतो...”

“हात कुठे बांधलेले,” बारकी म्हणाली, “हातात हेल्मेट होतं.”

बाकी कुणाचं लक्ष गेलं नाही. बायको अजून माझ्यावरच घसरत होती. पण माझं लक्ष गेलं. हा माझा धंदा आहे. मामानं हेल्मेटचं काही सांगितलं नव्हतं. मी बारकीकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती.

“बारके,” मी म्हटलं, “हेल्मेट तुला कुठून कळलं?”

तिनं पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

“तू तिथं होतीस.”

तिनं मान डोलावली.

“तू त्या कोर्टात मागच्या बाकावर बसलेली होतीस, मामा उभा होता, आणि तू घरी येऊन आमच्याबरोबर जेवलीस. इतके दिवस!”

मामा भिंतीपासून सरळ झाला. “तू होतीस? मग सांग ना यांना. मी कबूल केलं नाही, सांग.”

बारकीनं मान वर केली आणि म्हणाली, “मला वाटलं तू कबूल केलंस.”

मामाचं तोंड बघवत नव्हतं. मी तिथल्या तिथं ठरवलं की या दोघांपैकी एक जण काहीतरी लपवतोय. आधी मेहुणा, आता बहीण. सख्खी बहीण. जिनं खोटी कबुली म्हणून आईशी भांडण केलं, तिनं घरच्या माणसाची कबुली गिळून टाकली.

तिनं मग सांगितलं. पुकारा झाला तेव्हा ती तक्त्यात मागचा खटला लिहीत होती. वर बघते तर मामा उभा. नियमाप्रमाणे उठून बाहेर जायला हवं होतं, पण तेवढ्यात साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि मधेच उठलं तर सगळे वळून बघतील, मामा बघेल, त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. म्हणून ती वाकून बसून राहिली. तिनं मामाचा ‘हो’ ऐकला. आपल्या कानांनी. तिला वाटलं, चूक झाली, कबूल केली, दंड भरला, संपलं. घरी सांगत नाही म्हणजे त्याला सांगायचं नाही. आपण का त्याची अब्रू काढायची? आणि तक्त्यात काय लिहिलं? इतरांचं लिहिते तेच. कबूल.

“मला वाचवायला गप्प बसलीस,” मामा म्हणाला, “म्हणजे तू मला चोर समजून माझ्याशी बोलत होतीस.”

तो उठला आणि चपला घालायला लागला. बायको रडायला लागली. मला कळत होतं, हा आत्ता दारातून गेला तर परत येणार नाही.

बारकी म्हणाली, “थांब. साहेबांनी तुला काय विचारलं?”

“आता काय त्याचं?”

“शब्द सांग.”

“मला कुठे आठवतायत शब्द? भरभर बोलतात ते.”

“मला आठवतायत,” ती म्हणाली. “ऐकायचाच पगार मिळतो मला.” आणि तिनं पाठ सरळ केली, नाकातून आवाज काढला, आणि एका दमात, न थांबता, मान खाली घालूनच बोलली: “तुमच्यावरचा आरोप वाचून दाखवलाय तो समजला का गुन्हा मान्य आहे का.”

मामा पायात एक चप्पल घालून म्हणाला, “हो.”

आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

“कशाला हो म्हणालास?” बारकीनं विचारलं.

“समजला का विचारलं ना. समजला. हो.”

बारकी खाली बसली. मग तिनं तेच वाक्य माझ्या बायकोला ऐकवलं. बायको डोळे पुसत म्हणाली, “हो, हो, मग पुढे?” मला ऐकवलं. मी सावध माणूस, काही बोललो नाही, नुसतं ‘हं’ केलं. बारकी म्हणाली, “झालं. कबूल.”

आपण माणसं अशीच बोलतो हो. समोरचा बोलत असला की आपण हो-हो करत असतो. ते काही पटलं म्हणून नसतं, ऐकतोय एवढंच असतं. फोनवर तर बायको तिच्या आईला तासभर हो म्हणते आणि ठेवल्यावर सांगते, आईचं काहीतरीच असतं.

“आणि त्या मिशीवाल्यानं तुझ्या कानात काय सांगितलं?” मी मामाला विचारलं. ते मी सोडलेलं नव्हतं.

“तो म्हणाला, साहेब बोलले की हो म्हण, खांबासारखा उभा राहू नकोस.”

सापडला चोर! मी दुसऱ्या दिवशी पट्टेवाल्याला चहाच्या टपरीवर गाठला. आधी गोड बोललो, मग नोट काढतो असा खिशाकडे हात नेऊन बघितला. तो माझ्या हाताकडे बघून म्हणाला, “काय चावलं का?”

“सगळ्यांना हो म्हणायला का सांगता?”

“नाही सांगितलं तर गप्प उभे राहतात. साहेबांना वाटतं ऐकू आलं नाही, मग ते पहिल्यापासून वाचतात. मला सकाळचा डबा संध्याकाळी खावा लागतो.”

बस. एवढंच. मी त्याला खोदून खोदून विचारलं, अजूनही मला वाटतं त्याच्या पोटात काहीतरी असेल, पण मला तरी डब्याशिवाय काही सापडलं नाही.

बारकीच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, कबुलीवर अपील नाही. एकच वाट आहे. कबुली ही कबुली नव्हतीच असं दाखवता आलं तर. पण दाखवणार कोण? कागदावर तर ‘मान्य’ लिहिलंय. आरोपी म्हणणारच, मी तसं म्हटलं नव्हतं. ऐकलेलं माणूस हवं. आणि अपिलाची मुदत संपत आलीये.

ऐकलेलं माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं होतं.

बाहेर आल्यावर मी बारकीला म्हटलं, “आता काय विचार?”

“मी शपथेवर सांगितलं की मी तिथं होते, तर कोर्टाला कळेल मी नियम मोडला. परवानगी जाईल. आणि नुसती माझी नाही, सगळ्या अभ्यासाची.”

“आणि नाही सांगितलंस तर मामाचे हात बांधले जातील. जन्माचे. दुसरं काही येत नाही त्याला.”

“मला कळतंय दादा.”

“कळतंय ना? मग?”

ती भराभर पुढे चालायला लागली. तेव्हा मला पुन्हा संशय आला, की ही मॅडमला विचारणार आणि मॅडम म्हणणार, गप्प बस. शिकलेली माणसं अशा वेळी ‘मोठं काम’ म्हणतात आणि छोट्या माणसाला बाजूला सरकवतात. मी म्हटलं, विचारायचं तर माझ्यासमोर विचार.

मॅडम आमच्या दुकानात आल्या. मोडक्या स्टुलावर बसल्या, चहा नको म्हणाल्या. बारकीनं सगळं सांगितलं. मी दारात उभा, हातात पान्हा, उगाच. मॅडमचा चेहरा काही सांगेना. मग त्या म्हणाल्या, “त्याला बघितल्या क्षणी तू उठून बाहेर जायला हवं होतंस.”

बारकी म्हणाली, “हो.”

मी मधेच बोललो. म्हटलं, “कुठला हो? ऐकतेयस त्याचा, की मान्य आहे त्याचा?”

बारकीनं माझ्याकडे बघितलं. “मान्यचा,” ती म्हणाली. “आणि मॅडम, अजून एक. त्या कोर्टातल्या सगळ्या कबुल्या मी कोर्टासारख्याच लिहिल्यात. कोण काय विचारल्यावर हो म्हणालं, ते मी लिहिलंच नाही. त्या कोर्टाचं माझं सगळं काम चुकीचं आहे.”

मॅडम स्टुलाच्या हलत्या पायाचा तोल सांभाळत बसल्या. मला वाटलं, आता ही बाई तिला सांगणार, हे बाहेर काढू नकोस. मी तयारच होतो, माझी दोन वाक्यं जुळवून ठेवलेली. मॅडम म्हणाल्या, “परवानगी जाणार.”

“हो,” बारकी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, “मान्यचा.”

“मग जाऊ दे. चुकीचं मोजून काय करायचंय?” आणि मला म्हणाल्या, “आता चहा द्या.”

माझी ती दोन वाक्यं तशीच राहिली.

वरच्या कोर्टात बारकी उभी राहिली तो दिवस मी विसरणार नाही. आधी तिचं म्हणणं शपथेवर लिहून दिलेलं होतं, पण साहेब म्हणाले, तिच्या तोंडून ऐकायचंय. सरकारी वकील उंच, बोलण्यात तरबेज.

“तुम्ही आरोपीच्या नातेवाईक?”

“माझ्या वहिनीचा भाऊ.”

“म्हणजे घरचाच माणूस. तुम्ही त्या दिवशी तिथं बसायला नको होतं?”

“नको होतं. बसले.”

“आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः काय लिहिलंत?”

“कबूल.”

“मग आज वेगळं का सांगता?”

मी बाकाची कड धरली. मला वाटलं, संपलं, आपल्याच हातानं मामाला बुडवलं हिनं. एखादं गोलमाल उत्तर द्यायला काय जात होतं?

“मी निकाल लिहिला,” बारकी म्हणाली. “प्रश्न लिहिले नाहीत. प्रश्न दोन होते. उत्तर एक आलं. ते कुठल्या प्रश्नाचं, हे साहेबांनी विचारलं नाही आणि मीही विचार केला नाही. दोघांनी सोयीचं ते लिहिलं.”

“तो निर्दोष आहे असं तुमचं म्हणणं आहे?”

“ते मला माहीत नाही. त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही, एवढं माहिती आहे.”

शेजारी बायकोनं माझा दंड असा दाबला की नखं उमटली. माझी बहीण, त्याला निर्दोषसुद्धा म्हणेना! पण वरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी खालच्या कोर्टाचा कागद मागवला, त्यावर ‘आरोप समजला, मान्य’ एवढंच होतं, एका ओळीत. साहेब वकिलाला म्हणाले, यात कुठला प्रश्न कुठे संपला ते मला दाखवा. त्याला दाखवता येईना.

कबुली रद्द झाली. दंड परत. खटला पहिल्यापासून पुन्हा. लोकांना सांगितलं तर म्हणतात, म्हणजे सुटला नाहीच की. अरे, सुटला कसा नाही? अजून खटला चालायचाय, म्हणजे अजून त्याला चोर म्हणता येत नाही. दाखला आता थांबवून ठेवलाय, नाकारलेला नाही.

परवानगी मात्र गेली. आठवड्यात पत्र आलं. बारकी आता मागच्या बाकावर बसत नाही. विद्यापीठातल्या एका खोलीत वरच्या कोर्टाचे जुने निकाल वाचते, कबूल केलेल्यांपैकी कोण तरीही वर गेलं आणि त्याचं काय झालं ते शोधते. तिला बाकाची आठवण येते, मला कळतं. तोंडानं सांगत नाही. जिन्याजवळच्या कोर्टाचं तिनं जमवलेलं सगळं मॅडमनी अभ्यासातून काढून टाकलं. तिनंच काढायला लावलं. मी म्हटलं, थोडं तरी ठेवायचंस. तर म्हणाली, तू दोन कंपन्यांची कुलपं असलेलं शटर अर्धं उघडतोस का?

परवा मामाची पहिली तारीख होती, त्याच कोर्टात. बारकी आली, पण दारातच थांबली. म्हटलं चल आत. म्हणाली, “नाही. माझा माणूस आहे.” अभ्यासाची परवानगीच नव्हती, नियमही कसला राहिला नव्हता, नुसतं ऐकायला तर कुणीही आत बसू शकतं. तरी ती बाहेर व्हरांड्यात थांबली, भिंतीकडे तोंड करून. या बाबतीत ती आईवर गेलीये.

मिशीवाला पट्टेवाला दाराशी होताच. मामाच्या कानाशी लागला. मी लगेच पुढे सरकलो.

“नीट ऐकून बोल,” तो म्हणत होता. “हो-हो करू नकोस. आता वरून कागद आलाय.”

साहेब तेच. त्यांनी चष्मा काढला, मामाकडे बघितलं, आणि पहिल्यांदा मी त्यांना सावकाश बोलताना ऐकलं. “आरोप समजला का?”

मामानं माझ्याकडे बघितलं. हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. झालं, म्हटलं. हा आता घाबरून कशालाच हो म्हणणार नाही.

“समजला साहेब,” तो म्हणाला.

“मान्य आहे का?”

“नाही.”

बाहेर आलो तर बारकी भिंतीपाशीच. “काय म्हणाला?”

“नाही म्हणाला.”

“शब्द काय होते? आधी काय विचारलं? मधे थांबले का?”

मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्रश्न, मग थांबणं, मग उत्तर, मग दुसरा प्रश्न. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तिनं ते कुठे लिहून घेतलं नाही, घ्यायचंच नव्हतं, पण ऐकताना ओठ हलत होते तिचे. मग पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. मामा मागून आला आणि तिच्या डोक्यावर ते हेल्मेट ठेवून म्हणाला, “चल, घरी सोडतो.” त्या जेवणाच्या रात्रीपासून तो तिच्याशी धड बोलला नव्हता. ती गाडीवर मागे बसली.

मी माझ्या गाडीवरून त्यांच्या मागे निघालो. एक गोष्ट मात्र मी मामाला अजून विचारलेली नाही. त्या दुकानाच्या शटरला कुलूप एक होतं की दोन, आणि दोन असतील तर वेगवेगळ्या कंपन्यांची होती का. ते आता कोर्टाला विचारू दे, सावकाश, एकेक करून. मी विचारलं तर तो सवयीनं ‘हो’ म्हणेल, आणि मग कुठला हो, म्हणून मला जन्मभर झोप लागायची नाही.